जिगर आणि खुन्नस: रॉय कीनचे दोन २१ एप्रिल

२१ एप्रिल १९९९, तुरीन. युरोपातल्या क्लबांच्या चॅम्पियन्स लीगच्या उपांत्य फेरीचा दुसरा सामना. पहिला १-१ सुटलेला, आणि इथे ११व्या मिनिटालाच युव्हेंटस २-०ने पुढे. मँचेस्टर युनायटेडचा कर्णधार रॉय कीन २४व्या मिनिटाला बेकहॅमच्या कॉर्नरवर डोकं लावून एक गोल फेडतो. थोड्याच वेळात युव्हेंटसच्या झिदानला पाडल्याबद्दल त्याला पिवळं कार्ड मिळतं. आधीची कार्डं धरून एका सामन्याची बंदी ठरली, म्हणजे आता संघ जिंकला तरी अंतिम सामन्याला कीन मुकणार. हे कळूनही तो उरलेला सामना असा खेळला की युनायटेडने तो ३-२ने काढला.

२१ एप्रिल २००१, ओल्ड ट्रॅफर्ड. मँचेस्टर सिटीशी १-१, शेवटची काही मिनिटं. कीन आल्फ-इंगे हालांडच्या (हो, गोलांसाठी गाजलेल्या एर्लिंग हालांडचे वडील) गुडघ्यावर बूट रोवतो. लाल कार्ड. आणि जाण्याआधी पडलेल्या हालांडवर वाकून त्याला चार शब्द सुनावतो.

गॅलरीतून दोन्ही वेळा एकच माणूस दिसतो: तापलेला, अंगावर जाणारा. म्हणून चाहते सर्रास म्हणतात, त्याचा राग काढून घेतला असता तर कीन उरलाच नसता. मला हे पटत नाही. तुरीनमध्ये दिसली ती जिगर, ओल्ड ट्रॅफर्डवर दिसली ती खुन्नस. दुसरीशिवाय पहिली होतीच.

तुरीनचं कार्ड नीट पाहा. सहकारी ब्लोमक्विस्टचा पास धड आला नाही, चेंडू कीनच्या पायातून निसटला आणि तो परत मिळवायला त्याने स्वतःला झोकून दिलं. उशीर झाला, झिदान पडला. भांडण चेंडूशी होतं. उलट हालांडचा हिशेब सप्टेंबर १९९७ पासूनचा. हालांड तेव्हा लीड्सकडून खेळायचा; त्या सामन्यात कीनच त्याला पाडायला गेला आणि स्वतःच्याच गुडघ्याचा लिगामेंट तोडून बसला. नाटक करतोयस म्हणून हालांड त्याच्यावर ओरडला, ते कीनने मनात ठेवलं. त्या मोसमात कर्णधाराविना खेळलेल्या युनायटेडचं विजेतेपद आर्सेनलने एका गुणाने नेलं, हेही लक्षात ठेवायला हवं.

खेळाच्या नियमांत हा फरक चांगला मांडलाय. टॅकल निष्काळजी असेल तर नुसती फ्री किक, बेपर्वा असेल तर पिवळं कार्ड, अवाजवी जोर लावला तर लाल. चेंडूसाठी झुंजताना तो जोर लागला तर तो गंभीर फाउल; चेंडूसाठी झुंज नसताना लागला तर सरळ हिंसक वर्तन. रेफ्रीला अर्थात मन वाचता येत नाही, पाय कुठे पडला तेवढंच दिसतं.

संघाच्या दृष्टीने मोठा फरक वेगळाच आहे. जिगर सगळ्यांच्या कामाची असते. ०-२ असताना कर्णधार प्रत्येक चेंडूवर तुटून पडतोय म्हटल्यावर इतरांना मान खाली घालायची सोय राहत नाही, आणि मधल्या फळीत त्याने चेंडू हिसकावला की बेकहॅमला बाजूने पळायला रान मोकळं मिळतं. खुन्नस मात्र एकट्याची. बाकी दहा जणांना तिचा पत्ता नसतो, पण उरलेला वेळ एक माणूस कमी घेऊन तेच पळतात. २००१ मध्ये युनायटेड आठवडाभर आधीच लीग जिंकून बसलं होतं म्हणून ते निभावलं. पुढच्या वर्षी आत्मचरित्रात कीनने तो टॅकल सूड होता असं लिहिलं, तेव्हा आणखी पाच सामन्यांची बंदी आणि दीड लाख पौंडांचा दंड झाला. (त्या टॅकलने हालांडची कारकीर्द संपली, हे मात्र सरसकट म्हणता येत नाही. मार उजव्या पायाला होता, दुखणं डाव्या गुडघ्याचं.)

झिदानचं नशीब तितकं बलवत्तर नव्हतं. २००६ च्या विश्वचषक अंतिम सामन्यात, बर्लिनला, ११०व्या मिनिटाला त्याने इटलीच्या मातेराझीच्या छातीवर डोकं हाणलं. चेंडू जवळपासही नव्हता. सामना पेनल्टींवर गेला तेव्हा सातव्या मिनिटाला पेनल्टीवर गोल केलेला फ्रान्सचा कर्णधार मैदानात नव्हता. इटली ५-३ने जिंकली. तो असता तर निकाल बदलला असता का, कोण सांगणार.

जिगर फुकट मिळते असंही नाही. कीन आणि त्याचा सहकारी स्कोल्स, दोघेही कार्डांमुळे १९९९च्या बार्सिलोनातल्या अंतिम सामन्याला मुकले. समोरच्या बायर्न म्युनिकने सहाव्या मिनिटाला आघाडी घेतली ती ९० मिनिटं टिकवली, आणि युनायटेड जिंकलं ते वाढीव वेळेतल्या दोन गोलांवर.

आता सायपान हे पॅसिफिकमधलं बेट, २००२. कीनच्या आयर्लंड संघाच्या विश्वचषकाआधीच्या सराव शिबिरात सामान वेळेवर नाही, मैदान दगडासारखं. कीन भडकला. हे भडकणं शिस्तीसाठीच होतं, आणि नंतरच्या चौकशी अहवालाने आयर्लंडच्या फुटबॉल संघटनेच्या तयारीवर ठपकाही ठेवला. पण भर बैठकीत त्याने प्रशिक्षक मिक मॅकार्थीला लाखोली वाहिली आणि घरची वाट धरावी लागली. आयर्लंड त्याच्याविना बाद फेरीत पोचलं, स्पेनकडून पेनल्टींवर हरलं. हे कुठल्या रकान्यात टाकायचं, यावर आयर्लंडमध्ये तेव्हा घराघरांत दोन तट पडले होते. माझ्या मते तक्रार जिगरीची होती, भाषा खुन्नसची.