मुरूम, हवा आणि ग्रॅव्हल बाइक

रविवारी सकाळी रंकाळ्यावर चहाला थांबलं की हल्ली एक प्रश्न हमखास येतो: "ग्रॅव्हल घ्यावी काय रं?"

ग्रॅव्हल बाइक म्हणजे कच्च्या रस्त्यावर चालवायची सायकल, आणि ग्रॅव्हल म्हणजे आपला मुरूम, खडी. कोल्हापुरात तो शोधायला लांब जावं लागत नाही. पन्हाळ्याच्या पुढं मसाई पठार गाठा, नाहीतर उसातल्या कुठल्याही पाणंदीत शिरा.

दिसायला ही सायकल रोड बाइकसारखीच, वाकड्या हँडलची. खरा फरक टायरात. रोड बाइकचं टायर २५ ते ३२ मिलिमीटर रुंद, हिचं साधारण ३५ ते ५०. तिथं हवा ८०-९० पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) भरतात, इथं ३०-४० वर भागतं. म्हणजे पैसे मोजायचे ते कमी हवेचे! ऐकायला विचित्र वाटतं खरं.

कडक टायर पळतं, ही समजूत गुळगुळीत डांबरापुरती ठीक आहे. चाक फिरताना रबर दबतं, पुन्हा सुटतं आणि त्यात थोडी ऊर्जा उष्णता होऊन जाते. हवा जास्त असली की दबणं कमी. मुरमावर मात्र हिशोब उलटतो. खडा आला तरी कडक टायर दबत नाही, मग सायकल आणि वरचा माणूस दोघंही उचलले जातात. दर खड्याला थोडं थोडं. पॅडलवर लावलेली ताकद अशी वर-खाली होण्यात जाते आणि शेवटी तुमच्याच स्नायूंत जिरते. मऊ टायर तोच खडा पोटात घेतं. बेलफास्टच्या डनलॉपनं १८८८ साली हवेच्या टायरचं पेटंट घेतलं, त्याची सुरुवातही मुलाच्या तीनचाकीला बसणाऱ्या धक्क्यांतूनच झाली होती.

मग माउंटन बाइक का नको? तिचं टायर तर आणखी रुंद. पण तिच्यावर ताठ बसावं लागतं, आणि हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो. सपाटीवर ताशी पंचवीस किलोमीटरच्या वेगाला वाकून बसणारा पुढं सुटतो. घाटात तो फायदा उरत नाही. हलक्या सायकलीचं कौतुक मात्र मला जरा जास्तच वाटतं: माणूस आणि सायकल मिळून ८५ किलो धरले, तर सायकल ३ किलोंनी जड असली तरी चढाला साडेतीन टक्केच ऊर्जा जास्त लागते. अर्ध्या तासाच्या चढाला मिनिटभर. तेवढं आपण पन्हाळ्याच्या वाटेवर वाघबीळला पाणी प्यायला घालवतो.

पावसाळ्यात काळ्या मातीच्या पाणंदीत कुठलीच सायकल चालत नाही. चिखल भरून चाक अडकलं की खांद्यावर घ्यायची.

घर ते ऑफिस डांबरच असेल तर ग्रॅव्हल घेऊ नका. डांबर-मुरूम मिळून साठ-सत्तर किलोमीटर नेहमी होत असतील तर जरूर घ्या. घरात हायब्रिड (सरळ हँडलची, रोड आणि माउंटन बाइकच्या मधली सायकल) असेल, तर आधी तिच्या पुढच्या चाकाच्या फोर्कमध्ये आणि मागं ४० मिलिमीटरचं टायर मावतं का ते मोजा. मावलं, तर ते बसवून मुरमाच्या एका उतारावर ठरलेल्या जागेवरून पॅडल न मारता सायकल सोडा, थांबेल तिथं दगड ठेवा. दहा पीएसआय हवा उतरवून पुन्हा सोडा. असं करत जा; दगड सगळ्यात लांब गेला, ती हवा बरोबर. ट्यूब रिम आणि खड्याच्या मधे चिमटून शेजारी-शेजारी दोन भोकं पडली, की जरा जास्तच उतरवली म्हणायचं.