इंटरनॅशनल लीग, 1946 चा सीझन

इंटरनॅशनल लीगचा 1946 चा सीझन हा माझ्या मते मायनर लीग बेसबॉलमधला सगळ्यात महत्त्वाचा सीझन आहे, कारण जॅकी रॉबिन्सन हा कृष्णवर्णीय खेळाडू ह्याच वर्षी मॉन्ट्रियल रॉयल्सकडून मैदानात उतरला. लोकांना 1947 आणि ब्रुकलिन डॉजर्स आठवतं, म्हणजे आधुनिक मेजर लीगमधला पहिला कृष्णवर्णीय खेळाडू म्हणून तो डॉजर्सकडून उतरला ते वर्ष, आणि ते बरोबरही आहे, पण त्याच्या आधी एक अख्खं वर्ष तो इथे खेळला आणि खरा कस इथेच लागला.

मायनर लीग म्हणजे मेजर लीगच्या खालची पायरी, मोठ्या टीमचे होतकरू खेळाडू इथे तयार होतात. रॉयल्स ही डॉजर्सची टीम होती. 1946 ला ट्रिपल-ए नावाचा नवा वरचा दर्जा सुरू झाला आणि ही लीग त्यात आली. टीम्स एकूण आठ, कॅनडातल्या मॉन्ट्रियल आणि टोरंटो, बाकी अमेरिकेतल्या बफेलो, सिराक्यूज, रोचेस्टर, न्यूअर्क, जर्सी सिटी आणि बाल्टिमोर.

आता ह्याच लीगचा जुना इतिहास बघा. जुलै 1887 मध्ये लीगच्या लोकांनी ठरवलं की ह्यापुढे नव्या कृष्णवर्णीय खेळाडूंशी करार करायचे नाहीत. आधीपासून असलेला मोझेस फ्लीटवूड वॉकर 1889 पर्यंत सिराक्यूजकडून खेळला आणि मग सगळं बंद झालं, इतकं की पुढची पन्नासेक वर्षं इथे एकही कृष्णवर्णीय खेळाडू दिसला नाही. डॉजर्सचे प्रमुख ब्रँच रिकी यांनी रॉबिन्सनला घ्यायचं ठरवलं आणि 23 ऑक्टोबर 1945 ला मॉन्ट्रियलमध्ये त्याने सही केली.

त्रास सीझन सुरू व्हायच्या आधीपासूनच होता. सराव फ्लोरिडात, तिथे वर्णभेदाचे कायदे, काही गावांनी तर तो खेळणार म्हणून मॅचच होऊ दिल्या नाहीत. मॅनेजर क्ले हॉपर मिसिसिपीचा, त्याला सुरुवातीला हे अजिबात पसंत नव्हतं. त्यात रॉबिन्सनला सेकंड बेसची जागा नवीन होती (मैदानात चार बेस असतात, ते सगळे पळून पार केले की रन मिळतो), ती शिकवायला शॉर्टस्टॉप, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधे उभा राहणारा, अल कॅम्पानिसने मदत केली.

18 एप्रिलला जर्सी सिटीच्या रूझवेल्ट स्टेडियममध्ये पहिली मॅच. पहिल्या वेळी तो साधा आउट झाला, पण दुसऱ्या वेळी त्याने थेट तीन रनांचा होमरन मारला (बॉल थेट मैदानाबाहेर, त्यामुळे आधीच बेसवर असलेले दोघे आणि तो स्वतः असे तीन रन) आणि होम प्लेटवर, म्हणजे बॅटिंगच्या जागी परत आल्यावर, जॉर्ज शुबा ह्या गोऱ्या टीममेटने पुढे होऊन त्याच्याशी हात मिळवला, तो फोटो आजही लावला जातो. मग बंट करून (बॉल बॅटने हळूच जवळच टाकून) बेसवर पोचणं, बेस चोरणं (बॉल मारला गेलेला नसताना पळून पुढचा बेस गाठणं), तिसऱ्या बेसवरून पुढेमागे करून पिचरला, म्हणजे बॉल टाकणाऱ्याला, इतकं बिथरवणं की त्याने नियमभंगच केला आणि रॉबिन्सनला फुकटात रन मिळाला. पाच बॅटिंगमध्ये चार हिट, चार रन, रॉयल्स 14-1 ने जिंकले.

बाल्टिमोर हे लीगमधलं सगळ्यात दक्षिणेकडचं शहर, तिथल्या प्रेक्षकांनी अत्यंत घाणेरड्या शिव्या दिल्या. सिराक्यूजच्या खेळाडूंनी त्याला चिडवायला मैदानात काळी मांजर सोडली. उलट उत्तर द्यायचं नाही हे रिकींना दिलेलं वचन, त्यामुळे सगळं गिळायचं आणि रोज खेळायचं, विचार करा केवढा ताण असेल. मॉन्ट्रियलने मात्र त्याला जीव लावला. तो आणि त्याची बायको रेचल फ्रेंच बोलणाऱ्या वस्तीत राहिले आणि शेजाऱ्यांनी त्यांना आपलं मानलं.

खेळाचं म्हणाल तर .349 ॲव्हरेजने तो लीगमध्ये पहिला आला, म्हणजे हजार वेळांत 349 हिट असा हिशेब, क्रिकेटचं ॲव्हरेज इथे डोक्यात आणू नका. 113 रन, 40 चोरलेले बेस. चोरीत पहिला नंबर त्याच्याच टीमच्या मार्व्ह रॅकलीचा, 65. रॉयल्सनी 100 मॅच जिंकल्या, 54 हरल्या आणि बाकीच्यांना खूप मागे टाकलं, मग प्लेऑफमध्ये (सीझननंतरच्या बाद फेऱ्यांत) न्यूअर्क आणि सिराक्यूजला हरवून गव्हर्नर्स कप, म्हणजे लीगचा करंडक, घेतला.

शेवटी लिटल वर्ल्ड सिरीज, म्हणजे दोन ट्रिपल-ए लीगच्या विजेत्यांमधली लढत, समोर केंटकीची लुइव्हिल टीम. पहिल्या तीन मॅच लुइव्हिलला, तिथे रॉबिन्सनची सतत हुर्यो झाली, तोही फारसा चालला नाही आणि रॉयल्स 1-2 ने मागे पडले. मॉन्ट्रियलला परतल्यावर तिथल्या लोकांनी लुइव्हिलच्या प्रत्येक खेळाडूची तशीच हुर्यो करून हिशेब चुकता केला, चौथ्या मॅचचा विजयी रन नेहमीच्या नऊ इनिंग संपल्यावर जादा दहाव्या इनिंगमध्ये रॉबिन्सनच्याच हिटवर आला आणि रॉयल्सनी सलग तीन मॅच घेऊन सिरीज 4-2 ने जिंकली. लोकांनी त्याला खांद्यावर घेतलं. हॉपरनेही त्याचा हात हातात घेऊन मनापासून कौतुक केलं.

त्याच वर्षी खालच्या न्यू इंग्लंड लीगमध्ये नॅशुआकडून रॉय कॅम्पानेला आणि डॉन न्यूकम हे कृष्णवर्णीय खेळाडू खेळत होते, तेही डॉजर्सचेच. 15 एप्रिल 1947 ला रॉबिन्सन ब्रुकलिनकडून उतरला आणि त्या वर्षी रॉयल्सकडे कॅम्पानेला आला.