ई-रेट

ई-रेट म्हणजे अमेरिकेतल्या शाळा आणि पब्लिक लायब्रऱ्यांना इंटरनेटच्या खर्चात मिळणारी सवलत. १९९६ च्या टेलिकम्युनिकेशन्स कायद्यात तिची तरतूद झाली, ऑलिंपिया स्नो आणि जे रॉकफेलर या सिनेटरांनी ती लावून धरली होती. त्या वर्षी तिथल्या सरकारी शाळांच्या जेमतेम १४ टक्के वर्गांत इंटरनेट होतं, २००५ पर्यंत ते ९४ टक्क्यांवर गेलं. सगळं श्रेय एकट्या ई-रेटचं नाही, पण वाटा मोठा आहे.

पैसा थेट सरकारी तिजोरीतून येत नाही. टेलिकॉम कंपन्यांना आपल्या उत्पन्नातला ठरावीक हिस्सा युनिव्हर्सल सर्व्हिस फंडात, म्हणजे सगळ्यांपर्यंत फोन-इंटरनेट पोचवण्यासाठीच्या निधीत, भरावा लागतो, आणि त्या तो बहुतेक वेळा ग्राहकांच्याच बिलात लावतात, म्हणजे शेवटी फोन वापरणारा प्रत्येक जण यात थोडा थोडा पैसा घालतो. देखरेख एफसीसीची, म्हणजे टेलिकॉम क्षेत्राचे नियम ठरवणाऱ्या अमेरिकेच्या केंद्रीय आयोगाची, रोजचा कारभार युसॅक ही संस्था बघते. वर्षाची मर्यादा सुरुवातीला २२५ कोटी डॉलर होती, २०१४ च्या फेरबदलात ती ३९० कोटी झाली आणि भर साध्या फोनवरून वाय-फायवर आला.

सवलत २० ते ९० टक्के. शाळेत गरीब घरातली मुलं किती आणि शाळा ग्रामीण भागात आहे का, यावर ती ठरते. ९० टक्के सवलत असेल तर १०० डॉलरच्या बिलात शाळेचे फक्त १०, पण ते १० तिला भरावेच लागतात, आणि मला ही अट योग्य वाटते कारण स्वतःचे पैसे लागले की शाळा गरजेपेक्षा जास्त मागत नाही. कटकट आहे ती कागदपत्रांची. आधी फॉर्म ४७० भरून गरज जाहीर करायची, किमान २८ दिवस कंपन्यांच्या बोलींसाठी थांबायचं, निवडताना किमतीला सगळ्यात जास्त वजन द्यायचं, मग सवलतीच्या अर्जाचा फॉर्म ४७१. मोठ्या स्कूल डिस्ट्रिक्टकडे, म्हणजे एका भागातल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या संस्थांकडे, यासाठी माणसं असतात, छोट्या शाळेत हे कुणीतरी बाकीची कामं सांभाळून करतं.

शिवाय मुलांच्या इंटरनेट सुरक्षेसाठीच्या २००० च्या सीआयपीए कायद्यामुळे इंटरनेटसाठी सवलत घ्यायची तर अश्लील चित्रं अडवणारा फिल्टर लावावाच लागतो.

आता लोकांचा हमखास गैरसमज होतो ती गोष्ट: ई-रेटमधून कॉम्प्युटर मिळत नाहीत. शाळेपर्यंतची लाइन, आतलं वायरिंग, राउटर, स्विच एवढंच. लॅपटॉप, टॅबलेट, शिक्षकांचं ट्रेनिंग, सगळं शाळेने दुसरीकडून उभं करायचं, आणि खरी दरी तिथेच राहते, कारण लाइन आली तरी मुलाच्या हातात काही नसेल किंवा घरी नेटच नसेल तर होमवर्क कसा करायचा. कोविडमध्ये ही अडचण उघडी पडली तेव्हा २०२१ मध्ये ७१७ कोटी डॉलरचा वेगळा इमर्जन्सी कनेक्टिव्हिटी फंड आला, त्यात लॅपटॉपही होते आणि घरी वापरायचे हॉटस्पॉटही, पण तो २०२४ मध्ये संपला. त्याच वर्षी एफसीसीने मुलांना हॉटस्पॉट घरी द्यायला ई-रेटमधून परवानगी दिली. २०२५ च्या जूनमध्ये सुप्रीम कोर्टाने टेलिकॉम कंपन्यांकडून युनिव्हर्सल सर्व्हिस फंडासाठी पैसे घ्यायची पद्धत ६ विरुद्ध ३ मतांनी वैध ठरवली, आणि सप्टेंबरमध्ये एफसीसीनेच हॉटस्पॉटची आणि स्कूल बसमधल्या वाय-फायची परवानगी मागे घेतली.