10 पैकी 10 मॅच, मग तरी भांडण कशाला?

मध्यंतरी ओळखीच्यांच्या ग्रुपवर मेसेज आला, ल्युकेमिया (रक्ताचा कॅन्सर) झालेल्या एका तरुणाला सख्ख्या बहिणीचा बोनमॅरो 10 पैकी 10 मॅच झाला, आणि खाली धडाधड "चला, टेन्शन संपलं". आनंद मलाही झाला, पण 10 पैकी 10 म्हणजे 36 गुण जुळले असं नव्हे (आणि ते जुळूनही काय होतं ते आपण बघतोच).

हे दहा म्हणजे एचएलए नावाच्या पाच जीन्सच्या प्रत्येकी दोन कॉप्या, एक आईची एक वडिलांची. रक्तगटाशी याचा संबंध नाही, रक्तगट वेगळा असला तरी ट्रान्सप्लांट होतं आणि नंतर पेशंटचा रक्तगट डोनरचा होतो! हे सगळे जीन्स 6 नंबरच्या क्रोमोसोमवर शेजारी शेजारी बसलेले, सहसा एकगठ्ठा वारशात येतात, म्हणून सख्खं भावंड पूर्ण जुळायची शक्यता 4 मध्ये 1.

आता खरी मजा. एचएलए म्हणजे पेशीच्या दुकानाची काच. पेशी आपल्या आतल्या प्रोटीन्सचे आठ-दहा अमिनो अॅसिडचे तुकडे करून त्या काचेत मांडून ठेवते आणि गस्तीवरच्या टी सेल्स (रक्तातल्या रोगप्रतिकारक पेशी) ते बघत फिरतात, ओळखीचा माल दिसला की पुढे, अनोळखी दिसला की हल्ला. बहिणीची काच भावासारखीच आहे, मान्य, पण माल? माल बनवणारे जीन्स उरलेल्या सगळ्या क्रोमोसोमवर पसरलेत आणि तिथे भावंडांची वाटणी वेगवेगळी झालेली असते. सगळ्यात उघड उदाहरण वाय क्रोमोसोम. तो बहिणीकडे नाहीच, त्यामुळे भावाच्या पेशींनी वायवरच्या प्रोटीनचे तुकडे मांडले की बहिणीच्या टी सेल्सना ते परके वाटतात, आणि तिला आधी मुलगा झालेला असेल तर गरोदरपणातच तिच्या टी सेल्सची या मालाशी गाठ पडलेली असू शकते. मग नव्या मॅरोबरोबर आलेल्या या टी सेल्स पेशंटच्याच त्वचेवर, लिव्हरवर, आतड्यांवर तुटून पडतात, याला जीव्हीएचडी म्हणतात.

माझा लाडका जीन मात्र यूजीटी2बी17. टेस्टोस्टेरॉनला साखरेसारखा रेणू चिकटवून ते लघवीतून बाहेर काढायचं याचं काम. बऱ्याच माणसांत, खास करून पूर्व आशियात, हा अख्खा जीनच गायब असतो, तरी माणूस ठणठणीत, उलट डोपिंग टेस्टला चकवा बसू शकतो! पण डोनरकडे तो नाही आणि पेशंटकडे आहे, अशी जोडी जमली की डोनरच्या टी सेल्सनी ते प्रोटीन जन्मात पाहिलेलं नसतं. 2009 साली हजाराहून जास्त एचएलए जुळलेल्या भावंडांच्या जोड्या तपासल्या तेव्हा अशा जोड्यांत जीव्हीएचडीचा धोका जास्त निघाला. उलट्या दिशेने, म्हणजे डोनरकडे आहे आणि पेशंटकडे नाही, तर या जीनपुरतं भांडण नाही.

मग शंभर टक्के सारखा डोनर बेस्ट का? एकसारख्या जुळ्या भावाचा मॅरो घेतला तर जीव्हीएचडी जवळपास नाही, पण ल्युकेमिया परत यायचं प्रमाण साध्या भावंडापेक्षा जास्त, कारण उरलेल्या कॅन्सर पेशीही त्या टी सेल्सना घरच्याच वाटतात. थोडं भांडण हवंच. खासगी कॉर्ड ब्लड बँकांचे ब्रोशर वाचताना हे आठवा, बाळाच्या स्वतःच्या नाळेचं रक्त "परफेक्ट मॅच" असतंच हो, पण बाळाला थॅलॅसेमिया असेल तर बिघडलेला जीनही त्यात तसाच असतो. आयसीएमआरही अशा खासगी साठवणुकीची शिफारस करत नाही.

म्हणून पेशंट पुरुष आणि दोन भावंडं मॅच झाली, बाकी सगळं सारखं, तर डॉक्टर बऱ्याचदा भावाला किंवा बाळंतपण न झालेल्या बहिणीला घेतात. ग्रुपवरच्या त्या तरुणाला एकच बहीण, तिला दोन मुलगे. तरी डोनर तीच, आणि ते बरोबरच आहे, फक्त टी सेल्सना आवरणारी औषधं त्याला काही महिने नेमाने घ्यावी लागतील आणि अंगावर साधं पुरळ उठलं तरी त्याच दिवशी फोन करावा लागेल.