प्लवकांतला शिकारी

शाळेतल्या अन्नसाखळीत प्लवक तळाशी असतात, मासे त्यांना खातात आणि विषय तिथेच संपतो. खरं तर प्लवक म्हणजे प्रवाहाबरोबर वाहणारे जीव, एवढंच. त्या वाहणाऱ्यांत शिकारीही असतात, आणि त्यातला पट्टीचा म्हणजे कीटोग्नाथा संघातला बाणकृमी. काचेसारखं पारदर्शक अंग, लांबी 2 मिलिमीटर ते 12 सेंटिमीटर. डोक्याच्या दोन्ही बाजूंना कायटिनचे, म्हणजे कीटकांच्या कवचातल्या टणक पदार्थाचे, आकडे. एरवी त्वचेच्या टोपीखाली झाकलेले.

भक्ष्य तो डोळ्यांनी हेरत नाही. त्याच्या अंगावर ताठ, सूक्ष्म केसांच्या झुबक्यांची कुंपणं असतात. कोपेपॉड, म्हणजे कोळंबीच्या नात्यातला इवलासा प्लवक, पाय मारतो, पाणी थरथरतं, ते या केसांना कळतं. तळाला चिकटून राहणाऱ्या स्पाडेला या बाणकृमीवर 1967 साली प्रयोग झाला. सेकंदाला 9 ते 20 वेळा थरथरणाऱ्या निर्जीव वस्तूच्या टोकावरही तो तुटून पडला. टोक फक्त 3 मिलिमीटरच्या आत हवं. म्हणजे तो ओळखतो ती थरथर, प्राणी नव्हे. त्यामुळे भाऊबंदही पोटात जातात! पोहणाऱ्या जाती बराच वेळ निश्चल राहून हळूहळू बुडतात, मग शेपटीचा एक फटकारा, आकडे मिटतात, भक्ष्य अख्खं गिळलं जातं. काही जातींच्या डोक्यात टेट्रोडोटॉक्सिन हे विषही सापडलं आहे. त्यावरून ‘समुद्रातला विषारी राक्षस’ वगैरे मथळे येतात. हे हत्यार मिलिमीटरभर भक्ष्यासाठी आहे, पोहणाऱ्या माणसांसाठी नव्हे.

तो किती खातो हे मोजताना खरी फसगत जाळ्यात होते. जाळ्याच्या टोकाच्या डब्यात सगळे दाटीने कोंडले गेले की बाणकृमी तिथेही खातो, उलट घाबरून पोटातलं बाहेरही टाकतो. म्हणून जाळं थोडाच वेळ ओढायचं, नमुना लगेच फॉर्मलिन या टिकवणाऱ्या द्रावात घालायचा आणि आतड्याच्या पुढच्या भागातलं भक्ष्य मोजायचं नाही, कारण ते जाळ्यात खाल्लेलं असू शकतं. मग दर प्राण्यामागे सापडलेल्या भक्ष्यांची सरासरी गुणिले 24, भागिले पचनाचे तास, म्हणजे रोजचा आहार. पचनाचा वेळ तापमानानुसार बदलतो. थंड पाण्यासाठी उबदार पाण्यातला आकडा वापरला की सगळं गणित फुगतं.

कुठली बाणकृमीची जात कुठे राहणार, हेही तापमान ठरवतं. फ्लॅसिसॅजिटा एन्फ्लाटा उष्ण समुद्रांच्या वरच्या थरात, तर युक्रोहनिया हमाटा ध्रुवांजवळ पृष्ठभागालगत, पण विषुववृत्ताकडे येताना थंडावा शोधत खोल. इंग्लिश खाडीत इंग्लंडमधल्या प्लिमथजवळ 1930च्या सुमारास सॅजिटा एलेगन्स ही जात जाऊन वेगळ्या प्रकारच्या पाण्यात राहणारी सॅजिटा सेटोसा आली, तेव्हा सागरी जीवशास्त्रज्ञ एफ. एस. रसेल यांनी त्यावरून पाण्याचा प्रकार बदलल्याचं ओळखलं. त्याच काळात तिथली हेरिंग या माशाची मासेमारीही ढासळली.