झेडएक्स स्पेक्ट्रमवरील हौशी प्रोग्रॅमिंग

सिंक्लेअर रिसर्च या ब्रिटिश कंपनीने एप्रिल १९८२ मध्ये आणलेल्या झेडएक्स स्पेक्ट्रम या घरगुती संगणकावर हौसेखातर प्रोग्रॅम लिहिण्याची परंपरा. सोळा केबी मेमरीचे यंत्र १२५ पौंडांना, ४८ केबीचे १७५ पौंडांना मिळे. पडदा घरातल्या टीव्हीचा आणि प्रोग्रॅम साठवायला कॅसेट रेकॉर्डर. वीज दिली की यंत्र थेट बेसिक या सोप्या प्रोग्रॅमिंग भाषेतच सुरू होई, त्यामुळे खेळ खेळायला घेतलेल्या यंत्रावर मूल दोन-चार ओळी लिहून बघतच असे.

हे बेसिक नाइन टाइल्स कंपनीच्या जॉन ग्रँट आणि स्टीव्ह व्हिकर्स यांनी लिहिले. त्यात आज्ञा अक्षर-अक्षर टाइप करावी लागत नाही. रबरी कळफलकावर ‘पी’ दाबला की पूर्ण ‘प्रिंट’ उमटतो, ‘जी’ दाबला की ‘गो टू’, आणि मेमरीत तो शब्द एकाच बाइटमध्ये (मेमरीच्या एका घरात) मावतो. ओळ व्याकरणात चुकली तर यंत्र ती घेतच नाही; चुकीच्या जागी प्रश्नचिन्ह लुकलुकत राहते. नवशिक्यासाठी यापेक्षा चांगला शिक्षक त्या काळात क्वचितच होता.

आकड्यांच्या बाबतीत मात्र हे बेसिक भलतेच उधळे. प्रोग्रॅममधल्या प्रत्येक संख्येमागे, दिसणाऱ्या अंकांखेरीज, सहा बाइट लपलेले असतात: एक खुणेचा, पाच प्रत्यक्ष मूल्याचे. म्हणजे साधे शून्यही सात बाइट खाते. सोळा केबीच्या यंत्रात पडद्यावरचे चित्रच ६,९१२ बाइट अडवते आणि प्रोग्रॅमला नऊ हजार बाइटही उरत नाहीत, तिथे ही उधळण परवडणारी नव्हती. म्हणून हौशी लोक पाय (π, ३.१४...) या स्थिरांकाचा आधार घेऊन शून्याऐवजी ‘नॉट पाय’ (शून्य नसलेल्याचा नकार), एकाऐवजी ‘एसजीएन पाय’ (धन चिन्ह म्हणजे एक), तिनाऐवजी ‘इंट पाय’ (पूर्णांक भाग) लिहीत. प्रत्येक शब्दाला एक, म्हणजे प्रत्येकी दोनच बाइट. दहासाठी ‘व्हॅल "१०"’ (अवतरणातल्या अंकांची संख्या करणारी आज्ञा) लिहिले की आठ बाइटांचे पाच होत. वेग थोडा घटे, पण जागा वाचे. भाषेच्या पोटात शिरल्याशिवाय ही युक्ती सुचत नाही, आणि या छंदाचे खरे शिक्षण तेच होते.

वेग हवा असेल तर यंत्रातल्या झेड८० प्रोसेसरची यंत्रभाषा, म्हणजे त्याला थेट कळणारे आकडे. ‘डेटा’ ओळींत आकडे लिहायचे, ‘पोक’ने मेमरीत भरायचे आणि ‘रँडमाइझ यूएसआर’ने चालवायचे. मासिकांतून छापलेल्या अशा याद्या घरी टाइप करताना एक आकडा चुकला तरी यंत्र कोसळे आणि सगळे पुसले जाई. चालवण्यापूर्वी कॅसेटवर साठवणे हा पहिला धडा.

हायसॉफ्टचे पास्कल, शिवाय लोगो, प्रोलॉग आणि फोर्थ याही भाषा स्पेक्ट्रमवर आल्या. खुद्द व्हिकर्स यांनी यंत्राचे हार्डवेअर रचणाऱ्या रिचर्ड आल्टवॉसर यांच्यासह ज्युपिटर एस हा संगणक काढला, तो बेसिकऐवजी फोर्थवर चालणारा होता.

भारतात डेसिबेल्स कंपनीने परवाना घेऊन १९८६ मध्ये ‘डीबी स्पेक्ट्रम प्लस’ विक्रीस आणला.

आज बहुतेक लेखन फ्यूजसारख्या एम्युलेटरवर, म्हणजे जुन्या यंत्राची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅमवर, चालते. नव्या संगणकावर लिहून स्पेक्ट्रमसाठी कंपाइल करायला (यंत्रभाषेत बदलायला) झेड८८डीके आणि बोरिएल बेसिक ही साधने आहेत, तर जुन्या संगणकांवरील बेसिकच्या एका स्पर्धेत अवघ्या दहा ओळींत खेळ बसवावा लागतो. मूळ यंत्र जपणारेही आहेत. जुन्या कॅसेटवरचा आवाज मोबाइलमध्ये घेऊन वायरीने यंत्राच्या ‘इअर’ सॉकेटला दिला, की पडद्याच्या कडेला रंगीत पट्टे धावू लागतात आणि प्रोग्रॅम चढतो.