साप्ताहिक पॉप चार्ट: नव्या एंट्र्या आणि चढउतार

साप्ताहिक पॉप चार्ट म्हणजे ठरावीक सात दिवसांत कुठली गाणी किंवा अल्बम किती खपले, किती ऐकले गेले आणि रेडिओवर किती वाजले हे मोजून लावलेली क्रमवार यादी. बहुतेक लोक नंबर वनला कोण आहे तेवढं बघून पुढे जातात, पण चार्टची खरी मजा बाजूच्या बारीक रकान्यांत असते: मागच्या आठवड्यात कुठे होतं, आजवरचा पीक (गाठलेला सगळ्यात वरचा नंबर) काय, किती आठवडे झाले. एखाद्या ओळीत या आठवड्यात १४, मागच्या आठवड्यात ३१, पीक १४, आठवडे ४ असं दिसलं की गाणं अजून चढतंय हे कळतं. तेच १४, ३, ३, २ असं असेल तर पहिल्या आठवड्यात फॅन्सनी उचलून धरलं आणि बाकीच्यांनी फारसं मनावर घेतलं नाही असा सरळ अर्थ निघतो. पहिल्यांदा आलेलं गाणं ते न्यू एंट्री, बाहेर जाऊन परत आलेलं ते री-एंट्री, आणि जोर धरलेल्या गाण्याच्या बाजूला बिलबोर्ड हे अमेरिकन मासिक एक खूण लावतं तिला बुलेट म्हणतात. यादीच्या उंबरठ्यावर थांबलेल्या गाण्यांसाठी १९५९ पासून ‘बबलिंग अंडर’ नावाची वेगळी यादी पण आहे.

पहिला चार्ट कुठला यावर एकमत नाही. बिलबोर्ड हे मासिक १८९४ मध्ये सिनसिनाटीला निघालं ते भिंतीवर जाहिराती चिकटवणाऱ्यांच्या धंद्यासाठी, गाण्यांचा त्याच्याशी काही संबंध नव्हता. १९१३ च्या सुमारास त्यात जास्त खपणाऱ्या गाण्यांच्या याद्या दिसू लागतात, पण त्या छापील नोटेशनच्या खपावरच्या, रेकॉर्डच्या नव्हेत. काही जण १९३५ मध्ये अमेरिकन रेडिओवर सुरू झालेल्या ‘युअर हिट परेड’ला पहिला मान देतात, तिथे लोकप्रिय गाणी क्रमाने यायची हे खरं, पण क्रम कसा लावला जातो ते कधीच जाहीर केलं गेलं नाही आणि मूळ गायकाऐवजी कार्यक्रमातलेच गायक ती गाणी म्हणायचे, त्यामुळे तिथे चढउतार व्हायचा तो गाण्याचा, रेकॉर्डचा नाही. ४ जानेवारी १९३६ ला बिलबोर्डने स्वतःची हिट परेड छापली, तीही बऱ्याच ठिकाणी ‘पहिली’ म्हणून सांगितली जाते. पण रेकॉर्डच्या दुकानातल्या विक्रीवर आधारलेली, नंबर घातलेली, देशभराची यादी असा निकष धरला तर बिलबोर्डच्या जुलै १९४० च्या यादीकडेच यावं लागतं आणि आजचा चार्ट ज्या अर्थाने चार्ट आहे तो अर्थ तिथूनच सुरू होतो असं मानणं जास्त सयुक्तिक वाटतं. त्या दहा रेकॉर्डच्या यादीत नंबर वनला टॉमी डॉर्सीचा बँड होता, गायक फ्रँक सिनात्रा. तारीख मात्र कुठे २० जुलै मिळते कुठे २७ जुलै, कारण एक आठवडा संपल्याची आणि दुसरी अंकाची.

त्याच्याही मागे जाऊन चार्टचे संकलक जोएल व्हिटबर्न यांनी थेट १८९० पासूनचे चार्ट ‘तयार’ केले, आणि इंटरनेटवर ‘१९०५ चं नंबर वन गाणं’ वगैरे जे फिरतं ते बहुतेक तिथूनच आलेलं असतं. व्हिटबर्न यांचं नंतरच्या काळाचं काम निर्विवाद मोठं आहे, पण १९४० पूर्वी आठवड्यावारी विक्रीचे आकडे असे कुणी ठेवलेलेच नव्हते, आणि टिम ब्रुक्स यांच्यासारख्या जुन्या रेकॉर्डिंगच्या अभ्यासकांनी यावर चांगलीच टीका केली आहे. त्या काळातले क्रमांक अंदाज म्हणूनच वापरलेले बरे.

ब्रिटनमधली सुरुवात त्यामानाने स्वच्छ आहे. न्यू म्युझिकल एक्स्प्रेस या संगीताच्या साप्ताहिकाच्या पर्सी डिकिन्स यांनी दुकानांना फोन करून काय खपतंय ते विचारलं आणि १४ नोव्हेंबर १९५२ च्या अंकात पहिली यादी छापली. फोन साधारण वीसेक दुकानांना केले असं सांगतात, तयारी दाखवलेल्या दुकानांचा आकडा ५२ असा मिळतो. यादी टॉप ट्वेल्व्हची होती पण बरोबरी झाल्यामुळे रेकॉर्ड १५ आल्या. पहिला नंबर वन अल मार्टिनो, आणि तो नऊ आठवडे हलला नाही. पुढे इतर पत्रांनीही आपापले चार्ट काढले आणि १९६९ पर्यंत सगळ्यांना मान्य असा एकच चार्ट नव्हताच. बीटल्सचं ‘प्लीज प्लीज मी’ १९६३ मध्ये न्यू म्युझिकल एक्स्प्रेस आणि मेलडी मेकर दोन्हीकडे नंबर वन, आणि रेकॉर्ड रिटेलरकडे दोन. नंतरच्या संदर्भग्रंथांनी १९६० पासूनच्या काळासाठी रेकॉर्ड रिटेलर प्रमाण धरलं, त्यामुळे अधिकृत नोंदीत ते नंबर वन नाही. त्या वेळी वाचक कुठला चार्ट जास्त बघत होते हा प्रश्न वेगळा, आणि तो विचारला तर उत्तर बहुधा न्यू म्युझिकल एक्स्प्रेस असंच येईल. फेब्रुवारी १९६९ मध्ये बीबीसी आणि रेकॉर्ड रिटेलरने मिळून एका सर्वेक्षण संस्थेला काम दिलं आणि हा घोळ संपला.

अमेरिकेत १९५० च्या दशकात दुकानातली विक्री, रेडिओ आणि ज्यूकबॉक्स यांचे चार्ट वेगवेगळे होते. ४ ऑगस्ट १९५८ ला बिलबोर्डचा शंभर गाण्यांचा हॉट १०० आला, त्यात विक्री आणि रेडिओ एकत्र झाले, पहिला नंबर वन रिकी नेल्सन. पण पुढची तीसेक वर्षं माहिती गोळा करायची पद्धत तशी कच्चीच राहिली. दुकानदार फोनवर सांगायचा की आमच्याकडे हे एक नंबर, ते दोन नंबर. नेमक्या किती कॉप्या गेल्या ते कुणी विचारत नव्हतं. त्यामुळे दुकानदाराची आवड, त्याचा अंदाज, कंपनीच्या माणसाने दिलेल्या फुकट रेकॉर्ड, सगळं त्यात मिसळायचं. गाणी वर जायची तीही कशी छान पायरीपायरीने, ८० वरून ६१, मग ४५, मग ३२, आणि उतरायचीही तशीच. हा सुबक डोंगर बऱ्याच अंशी मोजण्याच्या पद्धतीतून आला होता हे नंतर उघड झालं.

२५ मे १९९१ ला बिलबोर्डच्या अल्बम चार्टने साउंडस्कॅनचे आकडे घेतले, म्हणजे काउंटरवर बारकोड स्कॅन होतो तीच नोंद. नोव्हेंबरअखेर हॉट १०० मध्येही तसंच झालं. एका रात्रीत चित्र पालटलं: कंट्री आणि हिप-हॉप अल्बम एकदम वर आले, कारण ते आधीपासूनच खपत होते, फक्त फोनवर कुणी सांगत नव्हतं. दुसरं असं दिसलं की मोठ्या नावाचा अल्बम पहिल्याच आठवड्यात सगळ्यात जास्त खपतो आणि मग घसरतो, म्हणजे हळूहळू चढणारा अल्बम हा नियम नसून अपवाद आहे. सिंगल्सना, म्हणजे सुट्या विकल्या जाणाऱ्या गाण्यांना, अजून चार वर्षं लागली. हॉट १०० वर थेट नंबर वनला एंट्री घेणारं पहिलं गाणं मायकल जॅक्सनचं ‘यू आर नॉट अलोन’, २ सप्टेंबर १९९५. ब्रिटनमध्ये हे एल्विस प्रेस्लीने जानेवारी १९५८ मध्येच केलं होतं, पण तिथेही ते बराच काळ दुर्मीळ होतं.

इथे कंपन्यांचा एक खेळ समजून घ्यायला हवा. त्या काळात सिंगल दुकानात आलेलं नसेल तर गाणं हॉट १०० मध्ये बसायचंच नाही. मग गाणं आधी रेडिओवर तापवायचं, सिंगल रोखून धरायचं आणि मागणी टिपेला गेली की दुकानात सोडायचं, एंट्री थेट वर. उलट काही कंपन्यांनी सिंगल काढलंच नाही, लोकांनी आख्खा अल्बम घ्यावा म्हणून. नो डाऊटचं ‘डोन्ट स्पीक’ रेडिओच्या चार्टवर १६ आठवडे एक नंबर होतं आणि हॉट १०० मध्ये त्याचं नावही नाही! डिसेंबर १९९८ मध्ये नियम बदलला आणि फक्त रेडिओवर वाजणारी गाणीही धरली जाऊ लागली. नुसते नंबर बघून १९९७ चं संगीत कसं होतं ते ठरवणाऱ्याची त्यामुळे हमखास फसगत होते.

डाउनलोडच्या काळात उड्या लांब झाल्या. गाणं रेडिओच्या जोरावर तळाशी शिरायचं आणि पुढच्या आठवड्यात डाउनलोड खुलं झालं की थेट माथ्यावर. केली क्लार्कसनचं गाणं फेब्रुवारी २००९ मध्ये ९७ वरून १ वर गेलं ते असंच. ब्रिटनमध्ये २००६ मध्ये नार्ल्स बार्कली या जोडीचं ‘क्रेझी’ नुसत्या डाउनलोडवर नंबर वन झालं.

आता नवीन गाणी शुक्रवारी येतात. जुलै २०१५ पासून जगभर हा एकच दिवस ठरला, त्याआधी अमेरिकेत मंगळवार आणि ब्रिटनमध्ये सोमवार होता. मोजणी शुक्रवार ते गुरुवार. ब्रिटनचा चार्ट लगेच दुसऱ्या दिवशी लागतो, बिलबोर्ड मात्र त्याच्या पुढच्या आठवड्यातल्या शनिवारची तारीख घालतं, त्यामुळे टेलर स्विफ्टचा ‘मिडनाइट्स’ २१ ऑक्टोबर २०२२ ला आला आणि हॉट १०० चे पहिले दहाच्या दहा नंबर तिने घेतले तो चार्ट ५ नोव्हेंबरचा. रिलीज आणि चार्टची तारीख यात हे पंधरा दिवसांचं अंतर लक्षात नसेल तर जुने चार्ट वाचताना हमखास गोंधळ होतो.

असं अख्खा अल्बम सिंगल्स चार्टवर चढणं स्ट्रीमिंगमुळे शक्य झालं. दुकानात गाणं एकदाच विकत घेतलं जायचं, स्ट्रीमिंगमध्ये प्रत्येक ऐकणं मोजलं जातं. ब्रिटनने जुलै २०१४ मध्ये १०० स्ट्रीम म्हणजे एक विक्री असं धरलं, जानेवारी २०१७ मध्ये ते १५० केलं. त्याच मार्चमध्ये एड शीरनची १६ गाणी टॉप ट्वेन्टीत बसली आणि बाकीच्यांना जागाच उरली नाही, मग जुलैपासून एका मुख्य कलाकाराची जास्तीत जास्त तीन गाणी असा नियम आला. शिवाय दहा आठवडे झालेलं आणि सलग तीन आठवडे घसरलेलं गाणं असेल तर त्याला एका विक्रीसाठी दुप्पट, ३०० स्ट्रीम लागू लागल्या. म्हणजे त्या आठवड्यात गाणं १२ वरून ३० वर पडलेलं दिसलं तरी ऐकणारे तेवढे कमी झालेले नसतात, भाव बदललेला असतो. अमेरिकेत अशी तीन गाण्यांची मर्यादा नाही, पण तिथे २० आठवडे झालेलं गाणं ५० च्या खाली गेलं की यादीतून काढतात, आणि २०२५ मध्ये हे नियम आणखी कडक केले.

नियम कधी वाकवलेही जातात. केट बुशचं १९८५ चं ‘रनिंग अप दॅट हिल’ २०२२ मध्ये एका टीव्ही मालिकेमुळे परत उसळलं, पण जुनं गाणं म्हणून त्याला ब्रिटनमध्ये तो दुप्पट भाव लागत होता. तिथला चार्ट काढणाऱ्या ऑफिशियल चार्ट्स कंपनीने सूट दिली आणि जूनमध्ये ते नंबर वन झालं. पहिल्या वेळी ते तीनवर थांबलं होतं.

घसरणीतही नवे विक्रम झाले. संघटित फॅन्स पहिल्या आठवड्यात जोर लावतात, मग तो ओसरतो. सिक्सनाइन आणि निकी मिनाज यांचं गाणं २०२० मध्ये १ वरून ३४ वर, त्याच वर्षअखेर टेलर स्विफ्टचं ‘विलो’ १ वरून ३८ वर. नाताळच्या गाण्यांची तऱ्हा आणखी वेगळी. मरायाह कॅरीचं १९९४ चं नाताळगीत डिसेंबर २०१९ मध्ये पहिल्यांदा नंबर वन झालं आणि जानेवारीत नंबर वनवरून थेट यादीच्या बाहेर गेलं, हॉट १०० च्या इतिहासात असं तोवर झालं नव्हतं. जुनं गाणं पहिल्या पन्नासात आलं तरच परत घ्यायचं असा नियम असल्यामुळे सण संपला की ही गाणी एका आठवड्यात गायब होतात.

इतर देशांत जपानचा ओरिकॉन चार्ट १९६८ पासून आहे आणि तिथे सीडीचा खप बाकी जगापेक्षा बराच जास्त काळ महत्त्वाचा राहिला. रेडिओ सिलोनवर डिसेंबर १९५२ मध्ये सुरू झालेली अमीन सयानींची ‘बिनाका गीतमाला’ ही याच जातीची साप्ताहिक क्रमवारी, मात्र तिथे पायदानावर चढायची ती हिंदी चित्रपटगीतं.